उमेदवाराची बाहेरची कमाई: आकडा वाचून तुमचं मत हलतं का?

बाळीवेसवाला (धागाकर्ता)

मंडळी, सोलापूर महापालिकेच्या निवडणुकीच्या धामधुमीत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका इच्छुकाचं जुनं शपथपत्र फिरत आलं. विधानसभेला उभे होते तेव्हाचं. नाव सांगत नाही, गरजही नाही. असे प्रत्येक वॉर्डात दोन-तीन सापडतात.

व्यवसाय: ‘शेती व व्यापार’. पत्नीचा व्यवसाय: ‘गृहिणी’. खाली पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांचा तक्ता, आणि त्यात गृहिणीचं उत्पन्न दरवर्षी नवऱ्यापेक्षा जास्त. वाहन: ‘निरंक’. साहेबांची पांढरी गाडी अख्ख्या पेठेला पाठ आहे, नंबरासकट. पण कागदावर साहेब पायी चालतात.

ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया आली, ‘बरंय की, घरचा खाऊन-पिऊन सुखी आहे, महापालिकेत येऊन खाणार नाही.’ त्यावर दुसरा, ‘भरल्या पोटालाच जास्त भूक लागते बे.’ तिसऱ्याने विचारलं, एवढे धंदे सांभाळून हा आमच्या गटारीकडे कधी बघणार? मग तासभर ह्यावरच जुंपली. शेवटी कुणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकला आणि विषय मिटला.

तो विषय इथे उघडतोय. खासदाराचा पगार १ एप्रिल २०२३ पासून महिना १ लाख २४ हजार झाला, भत्ते वेगळे. नगरसेवकाचं मानधन तर इतकं किरकोळ की त्यात कार्यकर्त्यांचा चहा निघत नाही. म्हणजे पुढारी जगतो तो बाहेरच्या कमाईवर, आणि ही कमाई त्याला कायद्याने जाहीर करावी लागते. आपण ती वाचतो का? वाचून काय करतो?

माझं मत आधीच टाकतो, नंतर ‘तुमची भूमिका काय’ म्हणून कुणी सतावू नये. मला आकड्याचं काही वाटत नाही. चादरीचा कारखानदार कमावणारच, डॉक्टर कमावणारच. मला हवंय पैसे देणाऱ्याचं नाव, आणि त्या देणाऱ्याचं काही काम आमच्या सभागृहात अडकलंय का, हे. शपथपत्रात बाकी सगळं असतं, नेमकं हेच नसतं.

शेंगाचटणी

वाचतेय. एक भर घालते. महिला राखीव वॉर्डात उमेदवार ‘गृहिणी’ असते आणि तिच्या शपथपत्रात बघण्यासारखं जे काही असतं ते ‘पती’ ह्या रकान्यात. आमच्याकडे मागच्या वेळी पत्रकावर तिच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा होता. मत तिला द्यायचं, कमाई त्याची तपासायची, कामाला फोनही त्यालाच करायचा.

काय_बे

आकडा बघून मत बदलायला आधी आकडा बघायला पाहिजे की ओ. आमच्या गल्लीत एकानं पण बघितलेला नाही. पांढरी गाडी मात्र सगळ्यांनी बघितलीय.

काळा_कोट

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण ग्रुपवर ह्याची खिचडी होते.

उमेदवाराने मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावेत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २ मे २००२ चा. सरकारने लगेच कायदा बदलून तो बोथट केला. १३ मार्च २००३ ला न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. तेव्हापासून नमुना २६ मधलं शपथपत्र चालू आहे. पण त्यात मालमत्ता होती, कमाईचा उगम नव्हता. म्हणजे तळ्यात पाणी किती ते कळायचं, झरा कुठला ते नाही. तो प्रश्न लोकप्रहरी खटल्यात आला, आणि १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने उमेदवार, जोडीदार आणि अवलंबून असणारे ह्या सगळ्यांच्या उत्पन्नाचा स्रोत सांगणं बंधनकारक झालं. सरकारशी किंवा सरकारी कंपनीशी असलेल्या कंत्राटांचा रकानाही आहे. २०१९ पासून विवरणपत्रातलं पाच वर्षांचं उत्पन्न लिहावं लागतं.

म्हणजे धागाकर्ते म्हणतात तसं ‘नेमकं हेच नसतं’ असं अगदीच नाही. पण व्यवहारात स्रोताच्या रकान्यात काय येतं? ‘शेती’, ‘व्यवसाय’, ‘भाडे’, ‘मानधन’. एका शब्दात रकाना भरतो आणि कायदाही पाळला जातो.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रातल्या ‘एकूण उत्पन्ना’त ते धरलेलं नसतं. त्यामुळे शंभर एकर ऊस असलेला माणूस कागदावर शिक्षकापेक्षा गरीब दिसू शकतो, आणि त्यात खोटं काहीच नसतं. उलट ज्याला दुसरीकडचा पैसा धुऊन घ्यायचाय त्यालाही शेतीच सोयीची. एकच शब्द दोघांनाही पुरतो. मतदाराने कसं ओळखायचं?

खोटं लिहिलं किंवा लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

पार्कचौक

चांगली माहिती, वाचनखूण साठवली. शंका: ‘अवलंबून असणारे’ म्हणजे कोण? मुलगा तिशीचा, स्वतःची फर्म, एकाच घरात राहतो, एकाच ताटात जेवतो. तो येतो का त्यात?

काळा_कोट

स्वतःचं उत्पन्न असेल तर नाही येत. भाऊ, मेहुणा, पुतण्या तर नाहीच. सोलापुरात किती कामं ‘पुतण्याच्या फर्म’ला जातात हा वेगळा धागा होईल.

गाडीबद्दल: गाडी फर्मच्या किंवा कमावत्या मुलाच्या नावावर असेल तर ‘निरंक’ बरोबर आहे. अरुणाचलच्या तेझू मतदारसंघाच्या खटल्यात ९ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू जाहीर केलीच पाहिजे असं नाही. वस्तू फार किंमती असेल किंवा तिच्यातून राहणीमान दिसत असेल तर गोष्ट वेगळी. उमेदवारालाही खासगीपणा आहे, मतदाराचा जाणण्याचा हक्क अमर्याद नाही. तिथेही प्रश्न गाड्यांचाच होता.

साखरपेठ

इथे सगळे शिकलेले लिहितायत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझी आई विडी कामगार. ब्रांचमधून पान-तंबाखू आणायचं, घरी विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या. तपासणीत छाट निघाली की तेवढी मजुरी गेली. ज्या घरात विडी-विडीचा हिशेब होतो त्या घराला हिशेब कळत नाही असं समजू नका. वडील आजारी पडले तेव्हा खासगी दवाखान्याने ॲडमिट करायला आगाऊ रक्कम मागितली. रात्रीची वेळ. आमच्या नगरसेवकाने कुणालातरी पाठवलं, रक्कम भरली, नंतर कधी विषयही काढला नाही. त्याचा वाळूचा की खडीचा असा काहीतरी धंदा होता, जमिनीच्या भानगडी होत्या, हे सगळ्या वस्तीला माहीत. आईलाही. ती म्हणायची, ‘त्याच्याकडं हाय म्हणून देतोय. ज्याच्याकडं नाही तो काय देणार, भाषण?’

तिला शपथपत्र वाचून दाखवलं असतं तर ती एवढंच म्हणाली असती, ‘इतकंच?’

बाहेरची कमाई म्हणजे आमच्यासाठी पुढाऱ्याची ऐपत. दवाखान्याची रक्कम, पोरीच्या लग्नाला भांडी, मंडळाची वर्गणी, मयतीची गाडी. मानधनात ह्यातलं काय होतं? ज्याची कमाई शून्य त्याला वस्तीत कुणी दारात उभं करत नाही. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. सिव्हिलमध्ये वेळेवर बेड मिळाला असता तर ऐपत बघायची वेळ आली नसती. पण मतदार आकड्याकडे कसा बघतो असा प्रश्न आहे ना, तर असा बघतो.

बाळीवेसवाला

साखरपेठ, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. मी पेठेत बसून ‘हितसंबंध, हितसंबंध’ करत होतो. पण तरी विचारतो: रक्कम भरणारा तोच माणूस सभागृहात सिव्हिल किंवा महापालिकेच्या दवाखान्यासाठी कधी भांडला का?

साखरपेठ

नाही. आणि आईला ते माहीत होतं. ‘तिथं भांडला तर इथं कोण येईल त्याच्याकडं’ हे तिचंच वाक्य.

शेंगाचटणी

🙏 काकूंना नमस्कार सांगा.

उसाचं_बिल

गावाकडचं सांगतो. शहरात तुम्ही गाडी बघता, आम्ही काटा बघतो.

सोलापूर जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने. सहकारी हायत, खाजगी हायत. त्यातले किती पुढाऱ्यांचे हे वेगळं सांगायला नको, कुठल्याबी पक्षाचं नाव घ्या. आता कायदा काय म्हणतो? ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत एफआरपीचं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचं, बिल खात्यावर यायला पाहिजे, उशीर झाला तर वर १५ टक्के व्याज. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश हाय तो. मी एका कारखान्याला ऊस घातला, नाव नको. बिल आलं पुढच्या पेरणीला. व्याज? व्याज मागाय गेलो तर चिटबॉय, म्हणजे तोडणी लावणारा कारखान्याचा माणूस, पुढच्या हंगामाला आमच्या फडाकडं तोडणीची टोळीच पाठवंना. उभा ऊस वाळतोय आणि तुम्ही व्याज मागताय?

मग निवडणुकीला शपथपत्र बघितलं. त्यात कारखान्याचे शेअर किती, किंमत किती, सगळं लिहिलेलं. खोटं एक अक्षर नाही. पण उसाच्या दराची बैठक लागते तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला कारखानदार म्हणून तोच, ह्या बाजूला आमचा आमदार म्हणून तोच. शेअरचा आकडा वाचून हे कळतं का? आम्हाला ते शपथपत्राशिवाय पण माहीत होतं.

आणि तरी मत त्यालाच. का? कारण पुढच्या साली ऊस घालायचाय. गावात दोन गट, दोन कारखाने. मत फिरलं तर टोळी फिरती. तुमच्या कट्ट्यावर ‘मतदार कसा बघतो’ म्हणता, आमच्याकडं आधी त्यो बघतो मतदाराकडं.

काय_बे

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

लीस्टरकर

मूळचा सात रस्त्याचा, आता बरीच वर्षं इंग्लंडात. इथली पद्धत सांगतो, तुलना तुम्ही करा.

इथे खासदारांच्या हितसंबंधांची नोंदवही असते, जालावर कुणालाही दिसते. बाहेरच्या कामाचे पैसे मिळाले की २८ दिवसांत नोंद करायची: कुणी दिले, किती दिले, कशाचे दिले, आणि त्यासाठी किती तास काम केलं. तास! धागाकर्ते म्हणतात ते ‘देणाऱ्याचं नाव’ इथे पहिल्याच ओळीत येतं. पैसे घेऊन त्या देणाऱ्यासाठी संसदेत शब्द टाकायला मनाई आहे.

म्हणून सगळं आलबेल आहे का? २०२१ ची दोन उदाहरणं. ओवेन पॅटरसन हे तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर पक्षाचे खासदार. दोन कंपन्यांचे सल्लागार म्हणून वर्षाला एक लाख पौंडांच्या वर घेत होते. सगळं नोंदवहीत लिहिलेलं, लपवलेलं काही नाही. पण त्या कंपन्यांसाठी त्यांनी सरकारी खात्यांकडे खेपा घातल्याचं चौकशीत निघालं आणि ३० दिवसांच्या निलंबनाची शिफारस झाली. पक्षाने आधी त्यांना वाचवायचा प्रयत्न केला, आरडाओरड झाल्यावर माघार घेतली, आणि नोव्हेंबरमध्ये पॅटरसननी राजीनामा दिला. नॉर्थ श्रॉपशर हा पक्षाचा परंपरागत गड, २०१९ चं मताधिक्य जवळजवळ २३ हजार. १६ डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत ती जागा लिबरल डेमोक्रॅट्सनी सुमारे सहा हजारांनी घेतली.

त्याच दिवसांत दुसरे एक, जेफ्री कॉक्स. बडे बॅरिस्टर, वकिलीची कमाई खासदारकीच्या पगाराच्या कितीतरी पट. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर बसून तिथल्या सरकारचं वकीलपत्र सांभाळत होते आणि संसदेतलं मतदान प्रतिनिधीमार्फत करत होते. पेपरांनी धुतलं. पण २०२४ ला ते पुन्हा निवडून आले.

माझा निष्कर्ष धागाकर्त्यांच्या जवळ जातो. कॉक्सची रक्कम मोठी होती, पण लोकांनी ती वकिलीची फी समजून गिळली. पॅटरसनची त्याहून लहान रक्कम घशात अडकली, कारण ती पदाची किंमत वाटली.

पार्कचौक

थोडं थांबा. २०२१ च्या डिसेंबरात तिकडे लॉकडाउनमधल्या पार्ट्यांचंही प्रकरण पेटलेलं होतं ना? सगळी मतं पॅटरसनच्या कमाईवर पडली असं कसं म्हणता? आणि कॉक्सचं मताधिक्यही घटलंच असणार.

लीस्टरकर

घटलं, बरंच घटलं, पण २०२४ ला त्या पक्षाचं सगळीकडेच पानिपत झालं होतं. पार्ट्यांचा मुद्दा मान्य, त्या महिन्यात तोच विषय होता. तरी पोटनिवडणूक लागली ती पॅटरसनमुळेच.

काय_बे

तास लिहायला लावले तर आपले लोक लिहितील: ‘समाजसेवा, २४ तास’. फ्लेक्सवर आधीपासून लिहिलेलंच हाय.

मालदांडी

मंगळवेढ्याकडचा आहे. चर्चेत सांगोल्याचं नाव कसं नाही आलं अजून? गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष, ११ वेळा आमदार, २०२१ ला गेले. आयुष्यभर एसटीने फिरले. आबासाहेबांचं शपथपत्र वाचायची गरज कुणाला पडली नाही, ते स्टँडवर भेटायचे. बाहेरच्या कमाईचा प्रश्न सुटतो तो असा.

पार्कचौक

आदर आहेच. पण एका माणसाच्या साधेपणावर नियम उभा करता येत नाही. उद्या कुणीही निवडणुकीच्या महिनाभर एसटीने फिरेल आणि रील काढेल. शिवाय कमाई नसलेला पुढारी स्वच्छच असतो असंही नाही. ज्याचा स्वतःचा धंदा नाही त्याचा खर्च कोण चालवतो हा प्रश्न उलट जास्त टोचतो. ‘पूर्णवेळ समाजकार्य’ असं व्यवसायाच्या रकान्यात दिसलं की मी तर दोनदा वाचतो.

मालदांडी

हे बरोबर आहे. तरी एक फरक सांगतो. सांगोल्यात आबांनी सहकारी सूतगिरणी उभी केली. म्हणजे संस्था होतीच, सत्ता होतीच. पण लोकांना ती संस्था त्यांच्या घरची वाटली नाही. इतर ठिकाणी चेअरमन बदलत नाही, बदललाच तर मुलगा होतो. मतदार हे बघतो, आकडा नंतर.

झेरॉक्सवाला

माझं दुकान एका कचेरीजवळ. निवडणुकीला शपथपत्रं टाइप करून द्यायचं काम येतं. कुणाचं काही सांगणार नाही, पण पद्धत सांगतो, मजा आहे.

पहिला नियम, रकाना मोकळा ठेवायचा नाही. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोकळ्या रकान्यापायी अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून सगळीकडे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’. पहाटेपर्यंत बसलं तर डोळ्यांपुढे निरंक-निरंक नाचायला लागतं. दुसरं, पानापानावर सही आणि नोटरीचा शिक्का. तिसरं, उमेदवार स्वतः क्वचितच येतो. सीएकडून एक कागद येतो, त्यावर आकडे. सोबत एक जाणता कार्यकर्ता असतो, तो फोनवर विचारतो, ‘भाऊ, जमिनीचा बाजारभाव काय टाकू?’ पलीकडून उत्तर येतं, ‘मागच्या वेळचं बघून थोडं वाढव.’ बाजारभाव उमेदवार स्वतःच सांगतो, त्याला कुणी मोजून बघत नाही.

स्रोताच्या रकान्याला तर कुणी थांबतच नाही. सोन्याचे तोळे तीनदा तपासतात, कारण पेपरात तोळेच छापून येतात. ‘उत्पन्नाचा स्रोत’ला मी विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘शेती टाक.’ ‘व्यापार पण?’ ‘टाक.’ झालं. ह्या रकान्याबद्दल नंतर कुणी विचारायला आल्याचं माझ्या दुकानात तरी आठवत नाही. गुन्ह्यांच्या पानाची झेरॉक्स मागायला मात्र विरोधक रांग लावतात.

बाळीवेसवाला

झेरॉक्सवाले, हे सोनं आहे. पेपरवाले ‘सर्वांत श्रीमंत उमेदवार’, ‘पाच वर्षांत मालमत्ता अमुक पट’ अशी चौकट करतात आणि आपण तीच वाचतो. तोळे, फ्लॅट, गाड्या. ज्या रकान्यात खरं काही कळलं असतं तो एका शब्दात उरकलेला.

शेंगाचटणी

२०१७ ला महापालिकेच्या वेळी मतदान केंद्राबाहेर उमेदवारांच्या माहितीचा फलक लावला होता. मी रांगेत उभी राहून वाचला. मागच्या बाईने विचारलं, ‘काय लिवलंय?’ मी मालमत्तेचा आकडा सांगितला. ती म्हणाली, ‘आन् एवढ्या पैशात आमच्या नळाला पाणी चार दिवसांनी?’ तिच्या डोक्यात त्याचा पैसा आणि पालिकेचा पैसा वेगळा नव्हताच.

काळा_कोट

त्या बाईच्या बोलण्यात कायद्याचा मुद्दाही आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम १० बघा: पालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र. आमदार-खासदारांना सरकारी कंत्राटाबद्दल लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ. म्हणजे कंत्राटदारीवर बंधन आहे. वकिलीवर, डॉक्टरकीवर नाही. आमदार-खासदारांनी वकिली करू नये अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ ला फेटाळली, कारण ते कुणाचे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत. राज्यसभेत तर नियम २९३ खाली सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे: मानधनाचं संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, नियंत्रण देणारे शेअर, सल्लागारी, व्यावसायिक काम. लीस्टरकरांनी सांगितलं त्याचा हा आपला चुलतभाऊ, पण गल्लीत कुणी ओळखत नाही.

निवडून आल्यावर खासदाराने शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत सभापती किंवा अध्यक्षांकडे मालमत्तेचं विवरण द्यायचं असतं. ते आपोआप लोकांपुढे येत नाही.

साखरपेठ

कोटसाहेब, कलम १० खाली ‘पुतण्या’ येतो का?

काळा_कोट

नुसता नातेवाईक म्हणून नाही. पुतण्याच्या आड काकाच आहे हे सिद्ध करावं लागतं. कागदावर ते फार कठीण.

उसाचं_बिल

गावात फार सोपं हाय. फक्त कुणी साक्षीला येत नाही.

बाळीवेसवाला

मग माझ्या प्रश्नाला थोडा आकार देतो. सोलापुरात बघायचंच असेल तर एकूण मालमत्तेपेक्षा हे बघावं असं मला वाटतं. पाइपलाइन फुटली की टँकर कुणाचे फिरतात? टँकरचा धंदा असणाऱ्याला उजनीच्या पाइपलाइनची तळमळ किती असेल? हद्दवाढ भागात कुणाचे प्लॉट आहेत आणि विकास आराखड्यातलं आरक्षण कुणाच्या बांधाशी येऊन वळतं? मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या काळात नगरसेवकच नव्हते, मग त्या वर्षांत कुणाची फर्म वाढली? हे एकाही शपथपत्रात मिळणार नाही. पण दोन-तीन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवली आणि गट नंबर जुळवले तर निदान जमिनीचं कळतं. विधानसभा-लोकसभेची आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, फुकट आहेत.

प्रचारसभेत हेच विचारायचा विचार आहे. ‘भाऊ, तुमची कमाई कितीही असो, पालिकेशी संबंधित पैसा तुमच्या घरात कुठून कुठून येतो तेवढं सांगा.’

काय_बे

विचारा की. आधी माइक बंद पडेल, मग लाइट, मग तुमच्या घराचा नळ.

पार्कचौक

आणि उत्तर काय येईल? ‘शेती.’

साखरपेठ

विचाराच. पण एक करा, आमच्या वस्तीत विचारताना ‘हितसंबंध’ नका म्हणू. ‘टँकर कुणाचा’ असं विचारा. आई पण येईल ऐकायला.

शेंगाचटणी

माइकची गरजच नाही हो. उमेदवारबाई घरोघरी हळदीकुंकवाला येतातच. वाण देऊन फोटो काढून पाच मिनिटांत निघतात. ह्या वेळी आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या की ओटी भरून झाल्यावर मी शपथपत्राची झेरॉक्स काढणार आणि विचारणार, ताई, ह्या तक्त्यात तुमचं उत्पन्न साहेबांपेक्षा जास्त दिसतंय, तुम्ही नेमकं काय करता? नवरा तिथे आत येऊ शकत नाही.

झेरॉक्सवाला

ताई, झेरॉक्स माझ्याकडून न्या. पैसे नकोत.